उकळलेल्या वीस बाटल्या

रविवार, १ जून २०२५

मी स्वतःच्या हाताने केलेल्या वस्तू, आजच्या तारखेपर्यंत: स्टेनलेस स्टीलची दोन पिंपं, पत्रा भंगारातला, पण आतून बोट फिरवलं तर सांधा लागत नाही. दोन्हींची झाकणं आणि झाकणांवरची पाणकोंडी, म्हणजे वाकडी नळी आणि वाटीभर पाणी. आतला वायू बुडबुडत बाहेर जातो, बाहेरची हवा आत येत नाही. बंद पडलेल्या फ्रिजचं केलेलं उबेचं कपाट, पारा एकतिसावरून हलत नाही. मिक्सरच्या मोटरवर फिरणारा बाटल्या धुवायचा ब्रश. तीन चाळण्या. या शेडचा दरवाजा, बिजागऱ्यांसकट. आणि या सगळ्यातून निघते ती आंबवणी: लाल तांदळाच्या पेजेचं पाणी, नाचणीचा कोंडा, आणि नऊ वर्षं मरू न दिलेलं विरजण.

यादी लिहायला कारण आहे. मानपाड्याच्या ज्या रंगाच्या कारखान्यात मी फिटर होतो, तिथे ही पाणकोंडी मी पहिल्यांदा बसवलेली. पुढे बाहेरचे पाहुणे आले तेव्हा साहेबाने ती दाखवली आणि म्हणाला, आमच्या इंजिनिअरने केली. मी तिथेच हातात पाना घेऊन उभा होतो. माझ्याकडे कोणी बघितलंही नाही.

म्हणून या वेळेला पहिल्या दिवसापासून लिहून ठेवणार. मी काळुराम मढवी, वय चोपन्न, शिक्षण दहावी. बाकीचं जे येतं ते मला कोणी शिकवलेलं नाही. येत्या आठवड्यात माझ्या आंबवणीची चाचणी सुरू होते, खरीखुरी, डॉक्टरांच्या देखरेखीखाली. फ्लूचा ताप ती अडवते की नाही, याचा सोक्षमोक्ष लागेल. मला माहीत आहे काय लागेल ते. लोकांना कळायचं बाकी आहे.

बुधवार, ४ जून

नौपाड्याला डॉ. योगिनी आठल्ये यांच्याकडे जाऊन आलो. ही बाई नुसती दवाखाना चालवत नाही, संशोधन करते. विषय तिचाही हाच: पोटातले जिवाणू आणि श्वासाचे आजार. मी वाचलेलं सगळं तिला सांगितलं आणि तिने मध्ये न बोलता ऐकलं, हे लिहून ठेवण्यासारखं आहे.

थोडक्यात असं. आपल्या आतड्यात अब्जावधी जिवाणू. आपल्याला न पचणारा कोंडा, साली, तंतू ते खातात आणि त्यातून काही आम्लं तयार करतात. ती रक्तातून थेट हाडांच्या मगजापर्यंत जातात. संरक्षणाच्या पेशी तिथेच जन्मतात आणि तिथूनच फुफ्फुसात जातात. उंदरांना प्रतिजैविकं देऊन पोट साफ केलं आणि मग फ्लू दिला, तर त्यांची फुफ्फुसं जास्त बिघडली. ज्यांचं पोट शाबूत, त्यांची कमी. मॅडमना मी पंपाचं उदाहरण दिलं. पंपात आधी पाणी भरून ठेवावं लागतं, नाहीतर मोटर नुसती फिरते, पाणी चढत नाही. पोटातले जिवाणू हा पंप भरलेला ठेवतात. शिवाय दाब वाढला की सोडायची झडपही तेच सांभाळतात, कारण फ्लूत माणूस कधी कधी विषाणूने नाही, स्वतःच्याच शरीराच्या अतिरेकाने जातो. मॅडम हसल्या आणि म्हणाल्या, पंप मी वर्गात वापरणार. वापरा म्हटलं, पण कोणाचा ते सांगा.

मग म्हणाल्या, "काळुरामजी, हे बरंचसं उंदरांतलं आहे. माणसांत अजून धुकं आहे. म्हणूनच चाचणी."

चाचणीची पद्धत मला आवडली नाही, पण पटली. चाळीस घरं. वीस घरांना जिवंत आंबवणी, वीस घरांना तीच, पण उकळून जिवाणू मारलेली. चव तीच, रंग तोच. कोणत्या घरी कोणती, हे घरालाही माहीत नाही आणि मलाही नाही. मी दोन वेगळ्या क्रेटमध्ये भरायच्या, मॅडमची सहायक सान्वी येऊन चिठ्ठ्या टाकून निघालेल्या यादीप्रमाणे घरांचे नंबर चिकटवणार आणि बाटल्या मिसळून टाकणार. नऊ वर्षं जे जगवलं ते माझ्याच हाताने पातेल्यात मारायचं. पण शास्त्र आहे, करू.

बुधवार, ११ जून

पहिलं वाटप झालं. घरं कळव्याची, खारीगावची. आमच्या मानपाड्याकडची लोकं आधीपासून माझी आंबवणी पितात, त्यामुळे ती चालणार नव्हती. खारीगाव माझ्या बायकोचं, कृतिकाच्या आईचं, माहेर. तिथे माझ्यासाठी कोणी दार उघडणार नाही, तिच्यासाठी उघडतील. म्हणून दर बुधवारी आणि शनिवारी टेम्पोत बसून तीच जाणार, भरलेल्या देणार, रिकाम्या आणणार. ताप आला का हे बघायला सान्वी वेगळी जाणार, नाकातला नमुना घेणार. त्यात आमचा हात नाही.

जेवताना मी दोघींना, म्हणजे कृतिकाला आणि तिच्या आईला, एक गंमत सांगितली. मॅडम म्हणतात ओळखता येणार नाही. मला येतं. जिवंत बाटलीतला वायू भरताना कितीही काढा, दुसऱ्या दिवशी झाकण फिरवलं की फुस्स करते. उकळलेली गप्प. हे शिकलेल्यांच्या ध्यानात आलं नाही, माझ्या आलं. कृतिका म्हणाली, मग बाबा, मॅडमना सांगा ना. मी म्हटलं, ज्याचा कान तयार आहे त्यालाच कळतं ते, प्रत्येकाला नाही.

कृतिकाच्या आईने विचारलं, आयच्या घरी कोणती गेली? मी म्हटलं, कोणालाच माहीत नाही, तीच तर मजा. मग विषय निघालाच म्हणून मी म्हटलं, जे एकवीस सालापासून म्हणत आलोय, की तुझ्या बाबांनी त्या वेळेला माझा ग्लास वास घेऊन परत केला नसता तर ते आज बसून जेवले असते.  ती उठून भांडी घासायला गेली. तिला अजून वाईट वाटतं. पण खरं ते खरं.

शनिवार, २१ जून

सासूबाईंना सर्दी झाल्याचं ही सांगत आली. म्हातारी ऐंशीच्या घरात. सर्दी म्हणजे फ्लू नव्हे, मी समजावलं. ऐकलं की नाही कोण जाणे.

बुधवार, २५ जून

कृतिकाच्या आईने आज घरच्या पिंपातून डबाभर जिवंत आंबवणी काढून घेतली. वड्यांच्या पिठात घालते म्हणाली. मला बरं वाटलं. सत्तावीस वर्षांत या बाईने माझ्या कामाचं तोंडावर कौतुक केलेलं नाही, पण स्वयंपाकात घेते म्हणजे मनातून मानते. वडे मात्र केलेले दिसले नाहीत.

शनिवार, १२ जुलै

डोकं फिरायची पाळी आली. परत आलेल्या बाटल्यांच्या गळ्याला आतून पांढरट कडा धरलेली. जिवंत आंबवणीची अशी कडा धरते, ते ठीक. पण उकळलेलीच्या बाटल्या स्वच्छ यायला हव्यात. मी चाळीसच्या चाळीस उजेडात धरून बघितल्या. सगळ्यांना कडा.

याचा अर्थ धुताना कुठेतरी जुनी कडा राहून जाते. सोडा हलका आहे. दुकानदाराला फोन करून चांगलं सुनावलं. तो म्हणाला, काका, सोडा तोच आहे, तुमचा चष्मा बदला. या माणसाकडून मी पंधरा वर्षं माल घेतोय. आता दुसरीकडून घेईन. ब्रशचे केसही बदलले, नायलॉनचे जाड लावले.

बुधवार, ६ ऑगस्ट

कळव्यात तापाची साथ आहे. सान्वीचं येणं-जाणं वाढलंय.  परीक्षा खरी व्हायला ताप हवा.

मितेश येऊन गेला. ठाण्यात त्याचा बाटलीबंद सरबतांचा धंदा आहे. पांढरे बूट घालून शेडमध्ये आला आणि पिंपाला टेकून उभा राहिला, मी बाजूला व्हायला सांगितलं. तो म्हणतो, निकाल चांगला आला तर पाककृतीही विकत घेतो आणि नावही ठेवतो, 'मढवी' हेच. पिंपाचा फोटो बाटलीवर. मी सांगितलं, निकाल आल्याशिवाय मी एक शब्द बोलणार नाही. तो म्हणाला, "काळूभाई, तुमच्यासारखा पहिलाच माणूस बघितला, धंद्यात पण परीक्षा देऊन येणारा." मला ते टोमणा म्हणून लागलं नाही.

बुधवार, २० ऑगस्ट

आमच्याच घरात ताप. कृतिकाची आई शनिवारपासून पडून आहे. अंग तापलेलं, खोकला, आवाज गेलेला. हे कसं झालं? रोज सकाळी तिचा ग्लास मी स्वतः भरून ओट्यावर ठेवतो. मला राग नाही आला, पण अपमान झाल्यासारखं वाटलं, काय सांगू. ज्याच्या घरात आंबवणी त्याच्याच घरात फ्लू, लोकांना आयतं कोलीत. तिला सांगितलं, खारीगावात बोलू नको. ती म्हणाली, बोलत नाही. आवाजच नव्हता तिला.

वाटपाला आज कृतिका गेली, ऑफिसला दांडी मारून. निघताना आई तिला पाच मिनिटं काहीतरी समजावून सांगत होती, त्या बसलेल्या आवाजात. नंबर आणि घरं असतील. 

गुरुवार, २८ ऑगस्ट

काल गणपती बसले. आज सासुरवाडीला दर्शनाला गेलेलो, ही आता बरी आहे, तीही आली. सासूबाईंनी, सखुबाईंनी, माझ्यासमोरच बाटली उघडली. फुस्स. मी मनात म्हटलं, म्हातारीचं नशीब बरं, जिवंत निघाली.

मग शेजारी हिच्या चुलत काकीकडे. तिथेही फुस्स. तिच्या पुढच्या घरी पाटावर बाटली ठेवलेली, पोराने झाकण काढलं, फुस्स. चिठ्ठ्या नातेवाइकांना धार्जिण्या निघाल्या म्हणायच्या. आपल्या माणसांना खरी मिळाली, मला आनंदच झाला, जरी शास्त्राला त्याच्याशी देणंघेणं नाही.

ओसरीवर बायका हसत होत्या. मी गेल्यावर गप्प झाल्या. जावई आला की गप्प व्हायची पद्धत आहे तिकडे. काकी मात्र पदर तोंडाला लावून म्हणाली, "जावंय, तुमची पेज लय जीव लावते हो." सगळ्या पुन्हा हसल्या. प्रेमाने म्हणाली.

रविवार, २८ सप्टेंबर

काल शेवटचं वाटप झालं. आज सगळ्या बाटल्या सोड्याच्या पाण्यात उकळून, नवीन ब्रशने घासून, उन्हात उलट्या ठेवल्या. मॅडमना परत करताना एका बाटलीवरही डाग दिसता कामा नये. सान्वी म्हणाली, काका, इतकं चकाचक तर आमच्या लॅबमध्येही नसतं. तिला म्हटलं, लॅबमध्ये पगार मिळतो, इथे नाव लागतं.

गुरुवार, ३० ऑक्टोबर

निकाल.

फरक नाही. मॅडमनी कागद माझ्यासमोर ठेवला आणि समजेल अशा शब्दांत सांगितलं. जिवंत पिणाऱ्या घरांत जितका ताप, उकळलेली पिणाऱ्या घरांत तितकाच, जवळपास नगाला नग. म्हणजे जिवाणू असून काही फायदा दिसला नाही. मी विचारलं, एकूणच ताप कमी होता ना? त्या म्हणाल्या, हो, दोन्हीकडे कमी होता. पण तुलनेला तिसरं काही नाही. यंदा साथच सौम्य असेल. त्यातून काही म्हणता येणार नाही.

पाणी हवं का विचारलं त्यांनी. मी नको म्हटलं. खाली उतरून रिक्षाला हात न करता स्टेशनपर्यंत चालत गेलो. नऊ वर्षं. पिंपं, कोंडी, कपाट. मी माझ्या घरच्यांना, शेजाऱ्यांना, कारखान्यातल्या जुन्या लोकांना काय काय सांगितलेलं. आता जो भेटेल तो विचारणार.

मितेशला फोनवर कळवलं. तो म्हणाला, अरे यार. आणि ठेवला.

घरी आल्यावर कृतिकाच्या आईला सांगितलं. तिच्या हातातलं ताट ओट्यावर आपटलं. एवढं वाईट वाटलं तिला. बरं वाटलं मला, कोणाला तरी वाटलं म्हणून.

रविवार, २ नोव्हेंबर

 क्रमाने लिहितो.

सकाळी शेड आवरत होतो. मी प्रत्येक कामाचा एक नमुना बाजूला ठेवतो, ही माझी सवय. जूनच्या पहिल्या घाण्यातली उकळलेली एक बाटली वरच्या फळीवर होती, कोणाला न दिलेली. उजेडात धरली. गळा स्वच्छ. काचेवर काही नाही. पाच महिने, आणि कडा नाही. झाकण फिरवलं. गप्प.

मग मला जुलैतल्या चाळीस बाटल्या आठवल्या. सोडा हलका नव्हता. दुकानदाराचा सोडा तोच होता. मग सासूबाईंची बाटली आठवली, काकीची, पुढच्या घरची. एकापाठोपाठ तीन घरं.

घरात गेलो. ही ओट्यापाशी बोंबील साफ करत होती. मी विचारलं, खारीगावच्या बाटल्यांत काय घालायचीस? मला वाटलेलं नाकारेल.

"चमचाभर विरजण," ती म्हणाली. मागे वळलीसुद्धा नाही.

मग विचारेल तेवढंच सांगत गेली. पहिल्या आठवड्यात आईकडे बाटली उघडली तर गप्प. सर्दी झाली तेव्हा तिला राहवलं नाही. घरच्या पिंपातलं डब्यात न्यायची, पोचवण्याआधी आईच्या बाटलीत चमचा घालायची. खारीगावच्या घरांत जुलैमध्ये केवढी ऊब. एका रात्रीत मेलेलं जिवंत होतं, उकळून वर राहिलेला सगळा गोडवा जिवाणूंना आयता मिळतो. हे मीच तिला शिकवलेलं, दह्याचं उदाहरण देऊन. मग काकीने पाहिलं.

"काकी बोलली, गो, तुझे आयची फुस्स करते न् आमची गप? आमी काय पाप केलंय? विरजण मागाला बाई दारात आली, तिला नाय बोलतात का कुनी?"

नाही बोलत. आमच्याकडे विरजणाला कोणी नाही म्हणत नाही, संध्याकाळी दिवा लागल्यावर सोडून. तेवढ्यावर माझी चाचणी गेली. काकीने पुढच्या घरी दिलं, तिने पुढच्या. ज्या बाटल्या गप्प, त्या सगळ्या ओसरीवर मांडून बायका एका चमच्याने वाटून टाकायच्या. वीस घरं. जूनपासून सप्टेंबरपर्यंत. पूर्ण गावाला माहीत. मी सोडून.

मी म्हटलं, शास्त्राचं वाटोळं केलंस. माझं केलंस. तू माझी बायको आहेस की कोण आहेस?

तेव्हा ती वळली. हात माशांचे, तसेच वर धरलेले.

"तुमीच बोललेलात, बाबानी पिली असती तं वाचले असते. मंग आयला मी मेलेली कशी देऊ?"

हा काय युक्तिवाद झाला? मी बोललो ते घरातलं बोलणं. एखादी गोष्ट किती खरी आहे हे शोधायलाच तर चाचणी होती. पण तिला ते सांगण्यात अर्थ नव्हता. ती पुन्हा बोंबलांकडे वळली.

एक गोष्ट मात्र मी विचारून घेतली, कारण हिशेब लागत नव्हता. घरच्या पिंपातून एवढं विरजण कमी झालेलं माझ्या ध्यानात कसं आलं नाही? ती म्हणाली, डबा एकदाच भरला, नंतर माझ्या ग्लासातलं नेत होते. म्हणजे ही बाई जूनपासून माझी आंबवणी प्यायलीच नाही. मी रोज भरून ठेवायचो आणि ती रोज बाजूला काढायची. एका घरात राहून माझ्यावर इतका अविश्वास.

सोमवार, ३ नोव्हेंबर

कृतिकालाही माहीत होतं. ऑगस्टमध्ये आई तापात असताना तिनेच चमचा चालवला. मी विचारलं, मला का नाही सांगितलंस? ती म्हणाली, "बाबा, आई तापाने फणफणत होती आणि तुम्ही तिला म्हणालात, खारीगावात बोलू नको. तेव्हा मी ठरवलं, मी पण नाही बोलणार."

दोन्ही गोष्टींचा एकमेकींशी काय संबंध, मला कळत नाही. आजची पोरं वाटेल ते वाटेल त्याला जोडतात.

आज मी वेगळा भात लावला. मीठ जास्त झालं, तरी तोच खाल्ला.

बुधवार, ५ नोव्हेंबर

सासूबाई आल्या, कळव्याहून रिक्षा करून एकट्या. पिशवीत सुकट. कोणी तरी फोन केला असणार. मी शेडमध्येच थांबलो, तर तिथे आल्या. पिंपाजवळच्या स्टुलावर बसल्या आणि म्हणाल्या, "जावंयबापू, अख्खा पावसाला खोकला नाय मना. पहिल्यांदा. आन् तुमी रागवून बसलाव?"

मी त्यांना समजावलं, की एका म्हातारीला खोकला न येणं म्हणजे पुरावा नव्हे. खोकला हजार कारणांनी येत नाही. त्या मान डोलवत होत्या. सगळं ऐकून घेतल्यावर म्हणाल्या, "मंग वाईस देव मना घरी न्यायाला. बाटल्या बंद झाल्या ना तुमच्या."

मी दिली. वयस्क बाईला रिकाम्या हाताने कसं पाठवणार? पण मनातून हे विसरलो नाही, की पहिला चमचा सासूबाईंच्याच बाटलीत पडला. चाळीस घरांतल्या एकाही बाईला चार महिन्यांत वाटलं नाही, की जाऊन त्या माणसाला सांगावं. उलट ओसरीवर हसत होत्या. लय जीव लावते म्हणे. कारखान्यातला साहेब बरा, त्याने निदान माझी वस्तू चालू असलेली दाखवली.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर

नौपाड्याला गेलो. मॅडमना सांगितलं, चाचणी फसलेली नाही, बिघडलेली आहे. उकळलेल्या बाटल्यांत जिवंत विरजण पडत होतं. सगळ्याच जिवंत होत्या, मग फरक दिसणार कसा?

 त्यांनी विचारलं, एखादी बाटली आहे का, न धुतलेली? तपासता येईल. मी म्हटलं, सगळ्या मी स्वतः धुतल्या. सान्वी दाराशी होती, तिने खाली बघितलं.

"कोणी केलं?"

"एका बाईने. नाव महत्त्वाचं नाही."

"तिला ओळखता कसं आलं, कोणती उकळलेली ते?"

मी म्हटलं, हा मुद्दा नाही. मुद्दा भेसळीचा आहे. मॅडमनी माझ्याकडे बघितलं, रागाने नाही. मग म्हणाल्या, निकाल बिघडला असं लिहायचं तर कोणी, कधी, कसं, हे लेखी हवं, सहीनिशी. नाहीतर मी एवढंच लिहू शकते की फरक आढळला नाही आणि वाटपावर आमचं लक्ष कमी पडलं. दोष त्या स्वतःवर घ्यायला तयार होत्या, हे मला आवडलं नाही. त्यांचा नव्हताच.

जिना उतरताना सान्वी मागून आली. म्हणाली, काका, एक सांगू? त्या काकूंनी तुमच्या आंबवणीवर जेवढा विश्वास ठेवला ना, तेवढा आम्ही कोणीच नाही ठेवला. पोरगी लहान आहे. विश्वास ठेवला असता तर निकालाची वाट बघितली असती.

बुधवार, १२ नोव्हेंबर

मितेश पुन्हा आला. मॅडमकडून त्याला बाटल्यांचं कळलं, नाव नाही, पण त्याने अंदाज बांधला. खारीगावला वाटप कोण करायचं हे त्याने स्वतः पाहिलेलं. या वेळेला पिंपाला टेकला नाही. बरोबर एक कागद, टाइप केलेला.

तो म्हणाला, "काळूभाई, ही तर गुड न्यूज आहे. माल फेल नाही, वाटप फेल. माझ्या पार्टनरना एवढं कागदावर दाखवलं की झालं." मग चाचणी नव्याने होणार, कंपनीच्या खर्चाने, वाटप कंपनीची माणसं करणार. निकाल काहीही आला तरी पैसे माझे. मी फक्त त्या कागदावर सही करायची.

मी कागद दोनदा वाचला. एकच वाक्य होतं. त्यात हिचं पूर्ण नाव, ठळक: गुलाब काळुराम मढवी. हे नाव इतकं स्वच्छ छापलेलं मी कधी पाहिलेलं नाही. लग्नाच्या पत्रिकेतही शाई पसरलेली. पुढे लिहिलेलं, हिने जाणूनबुजून भेसळ केली.

मी म्हटलं, शब्द चुकीचा आहे. माझ्या विरजणाला भेसळ म्हणत नाहीत. मॅडमकडे मीही तोच वापरला होता, पण तोंडी. मितेश म्हणाला, बदलू, तुम्ही सांगाल तो घालू. मी म्हटलं, नाव पण काढा. तो म्हणाला, नाव काढलं तर कागदात राहिलं काय? मी म्हटलं, मग राहू द्या कागद.

तो हसला. म्हणाला, बायकोला घाबरता काय? मी म्हटलं, दोन तारखेपासून आमचं बोलणं नाही, घाबरायला बोलावं लागतं. तो म्हणाला, मग?  मी म्हटलं, आधी बूट पुसून या, कोंड्यात पाय पडलाय तुमचा.

तो गेल्यावर पिंपाची कोंडी बघितली, पाणी बरोबर होतं. दुपारी स्वयंपाकघरात गेलो तर ती नव्हती, माझं ताट झाकून ठेवलेलं. मी खाल्लं नाही. ओट्यावर तिचा ग्लास रिकामा, धुतलेला. तो भरला आणि झाकण ठेवून परत आलो. सवयीने.

माझा विश्वासघात झाला तो झालाच, आणि तो मी विसरणार नाही, हे इथे लिहून ठेवतो. पण तो माझ्या घरात झाला. मितेशच्या पार्टनरना तो वाचायला द्यायचं मला कारण दिसत नाही.

पुढे कोणी असं म्हणू नये की काळुराम मढवीला कोणी विचारलंच नव्हतं, म्हणून नोंद करतो. आज मला देऊ केलं ते असं: पाककृती कंपनीची, नाव माझं, बाटलीवर पिंपाचा फोटो, नवीन चाचणी त्यांच्या खर्चाने, आणि माझ्याकडून एका वाक्यावर सही. मी नको म्हणालो. रक्कम अकरा लाख पंचवीस हजार रुपये.